उजवा कोपरा

दोरीवर वाळत घातलेली ती काळी नीकॅप, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थबकलेले ऊन… शैलेश बराच वेळ तेवढेच पाहत होता. ऊन आधी शाळेच्या पत्र्यावर उतरले, तेथून कुंपणाच्या भिंतीवर, मग कोणाला जाग येऊ नये अशा बेताने मैदानावर आले. दहिवराने बसलेली माती जागोजागी फिकट होत गेली, फक्कीच्या रेषा उजळल्या, आणि उजव्या कोपऱ्यात, जेथे गेले आठ महिने तो उभा राहत होता, तेथे ते नुसते पडून राहिले.

नीकॅप कैलासची होती. आठ महिन्यांपूर्वी एका पकडीत त्याचा डावा गुडघा फिरला, शस्त्रक्रिया झाली, आणि भरे गावच्या कबड्डी संघात त्याची जागा राखीव शैलेशकडे आली. आता कैलास परतला होता. रविवारी पौडला सामना होता, आणि चिंचेखाली बसून सात नावे ठरत होती.

"कैलासदादा आला म्हंजी कोपरा त्याचा," संघातला राजू म्हणाला. "त्यात बोलायचं काय हाय?"

"आन् गुडघा?" प्रशिक्षक तानाजीअण्णांनी विचारले.

"डॉक्टरनं सोडलंय की, अण्णा." कैलास हसला. "गुडघ्याचं सोडा. ह्यो शैलेश चढाईला आलेल्या रेडरला धरायच्या आधी परवानगी मागतोय, त्येचं बघा."

सगळे हसले. शैलेशही हसला.

पण अर्ध्या तासापूर्वी त्याने कैलासला देवळाच्या पायऱ्या उतरताना पाहिले होते — आडवा होऊन, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आणि खाली आल्यावर, आजूबाजूला कोणी नाही अशी खात्री करून, एकदम ताठ चालू लागताना. दुसऱ्या कोणाच्या ते ध्यानातही आले नसते. त्याच्या आले, कारण… 'रेडरच्या तोंडाकडं बघू नगंस, पाय बघ,' असे त्याला शिकवले होते कैलासनेच. याच मातीत, संध्याकाळच्या संध्याकाळी, स्वतःचा घोटा त्याच्या हाती देऊन.

"शैल्या, तू बोल," अण्णा म्हणाले. "तुजी जागा हाय."

बोलावे, तर जागेसाठी बोलला असे होईल. न बोलावे, तर — तो गुडघा आणखी एक पकड सोसणार नाही, हे येथे दोघांनाच ठाऊक होते, आणि त्यांतला एक मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता.

"दादालाच खेळू द्या, अण्णा."

"लई मोठ्या मनाचं पोरगं हाय," अण्णा म्हणाले. कैलासने शैलेशची मान हलकेच दाबली. तो हात उबदार होता.

यादीत आठवे, राखीव नाव शैलेशचे लिहिले गेले. लाज, आदर, थोरल्याचा मान… एकेक शब्द त्याने आपल्या गप्प राहण्यावर ठेवून पाहिला, आणि एकेक घसरून पडला. मग रविवार दिसू लागला, फार स्पष्ट: रेडर उजवीकडे वळतो, कैलास झेपावतो, डावा पाय मातीत अडकतो, शिट्टी वाजते, माणसे धावतात… आणि बाकाजवळ उभ्या असलेल्या शैलेशने अंगातले जॅकेट आधीच काढून ठेवलेले असते.

कैलासचा गुडघा पुन्हा जावा, अशी त्याची इच्छा होती.