बहिरूनानांचे कावळे

सिन्नरकडचे बहिरूनाना नुसता कांदा पिकवायचे तेव्हा त्यांना बाजार समितीतला हमालसुद्धा ओळखत नव्हता. कावळे मात्र ओळखत. नाना बांधावर टोपी काढून बसायचे, शेव खायचे आणि निम्मी कावळ्यांना टाकायचे. पुढं पुढं नानांची टोपी निघाली की साऱ्या शिवारातले कावळे हजर. खोटं वाटत असेल तर जाऊन कावळ्यांना विचारा.

याच भांडवलावर नाना पुढारी झाले. कुणाचाही दहावा असो, पिंडाला कावळा शिवेना की नाना माईक घेऊन उठत. "तात्या, तुमच्या वस्तीचा रस्ता मी करतो," म्हणत आणि टोपी काढत. गाडीमागं उडत आलेले कावळे खाली उतरत, शेव दिसेना म्हणून पिंडावर तुटून पडत.

"नानांचा शब्द मेलेल्यास्नी बी पटतो!" लोक म्हणत.

नाना सरपंच झाले, पंचायत समितीवर गेले. रस्ता एकही झाला नाही. विचारणार कोण? शब्द ज्याला दिला तो तर गेलेला.

मग जिल्हा परिषदेचे भिमाजीअण्णा वारले. नानांना त्यांच्या जागेचं तिकीट हवं होतं, आणि तिकीट देणारे पुढारी दहाव्याला पहिल्याच रांगेत बसलेले. कावळा काही शिवेना. नाना उठले. "अण्णा, तुमची गादी मी सांभाळतो!" आणि टोपी काढली.

पण त्या दिवशी घाईत शेवेचा पुडा जाकिटाच्या खिशातच राहिला होता. कावळे पिंड सोडून थेट नानांच्या अंगावर! दोन खांद्यांवर, एक डोक्यावर, बाकीचे खिशात तोंड घालून.

"अण्णा लय चिडलं रं!" गर्दी ओरडली.

अण्णांच्या पत्नी साळूबाई शांतपणे उठल्या. "बहिरू, गादी तुला द्यायची नाय दिसत ह्यांना. मला देत्यात का, विचार."

"वहिनी, ते कावळे..." नाना म्हणाले आणि थांबले. शेवेचं सांगावं, तर आजवरची सगळी मतं शेवेची ठरत होती.

"विचार की! माईक चालू हाय."

"अण्णा, तिकीट... वहिनींना," नाना कसेबसे बोलले.

तेवढ्यात पुडा रिकामा झाला आणि उपाशी राहिलेला एक कावळा पिंडाकडं वळला.

पुढाऱ्यांनी हात जोडले. अण्णांनीच निकाल दिल्यावर पक्ष काय बोलणार?

"जेवून जा, बहिरू," साळूबाई म्हणाल्या. "परवा प्रचाराचा नारळ तूच फोडायचा. तोवर जाकीट तेवढं धुऊन घे."