केवळाबाईंची अट

लातूर जिल्हा झाला आणि मुरुडच्या रत्नम्माला आपल्या घरातली सगळी माणसं गावंढळ दिसू लागली. कापड लातूरचं, चष्मा लातूरचा, पापडाचा खारसुद्धा लातूरचा. पावसानं दगा दिलेला, विहिरींचे तळ उघडे पडलेले, टँकर आला की गल्लीत घागरींची मारामारी. पण हिचं तोंड सदा लातूरकडं. सून शिवगंगा गरोदर राहिली तेव्हा पोट दिसायच्या आधीच बाळंतपणाची जागा ठरली होती. लातूरचं एक नवं खाजगी प्रसूतिगृह. शेजारच्या गुरुबसप्पाची सून तिथं बाळंत झाली होती आणि तिच्या सासूनं तिथल्या फरशीचं वर्णन करून करून गल्लीचे कान किटवले होते.

शिवगंगा धर्माबादची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई वारलेली. त्यामुळं तिचं पोट सासूच्या ताब्यात आलं. नवरा मन्मथ कापडदुकान चालवायचा आणि आईसमोर मान हलवायचा. या दोन कामांपलीकडं त्याला तिसरं येत नव्हतं, हे शिवगंगेनं लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं.

आठव्या महिन्यात रत्नम्मा तिला प्रसूतिगृह दाखवायला घेऊन गेली. फरशी खरंच चकचकीत होती. दारात पाटी होती: ‘पेशंटने पाणी सोबत आणावे.’

शिवगंगेनं पाटी वाचली, फरशीकडं पाहिलं. “मग ही कशानं पुसून राहिले?”

रत्नम्मानं तिला कोपरानं ढोसलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला न ठेवला तोच काढून घेतला. शिवगंगेनं विचारलं, “कळा सुरू झाल्यावर हिंडता येईल का? का आडवंच पडायचं? जवळ कोण असंल?”

“बाळंत व्हायला येणार आहेस की प्रश्न विचारायला?”

“दोन्हीला.”

बाई रत्नम्माकडं पाहून हसल्या. रत्नम्माही हसली. सुनेला हसता हसता आपण डॉक्टरीणबाईंच्या पंगतीला बसलो, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी शिवगंगा कुणाला न विचारता गावातल्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या नर्स केवळाबाई अंगानं आडव्या, आवाजानं त्याहून आडव्या. बाळंतपणं करायचं शिक्षण नांदेडला झालेलं. सगळं गाव मूर्ख आहे असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं.

“आठव्यात आलीस? एवढे दिवस काय पोट लपवून ठेवलं होतंस?”

त्यांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणून खेकसल्या, सावकाश पोट चाचपलं, लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके ऐकले. मग तेच प्रश्न शिवगंगेनं त्यांनाही विचारले.

“हिंड की. उकिडवी बस, भिंत धर, पाणी पी. सासू गप बसणार असंल तर तिला बसव. मी जवळ असते. पण सगळं सरळ चाललं तवाच. अडलं तर पोट कापायची सोय इथं न्हाई, रक्त न्हाई. मी ‘लातूर’ म्हणलं की दवाखान्याच्या जीपमध्ये बसायचं. तवा तोंड चालवायचं न्हाई. ही अट हाय. हाव म्हण, न्हाईतर उठ.”

“हाव,” शिवगंगा म्हणाली. एवढं सरळ उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

घरी आकाश कोसळलं. “रोजगार हमीच्या बाया पडतात त्या खाटेवर माझी सून?” रत्नम्मा ओरडली. सासरे रेवणप्पा पेपरात तोंड घालून बसले. मन्मथ म्हणाला, “आई म्हणते तर...”

“तर तुम्ही व्हा बाळंत लातूरला,” शिवगंगा म्हणाली. “मी इथं होते.”

कळा सकाळी सुरू झाल्या. शिवगंगा दवाखान्यात भिंत धरून येरझारा घालत होती. रत्नम्मा घरची चादर बाकावर अंथरून, नाकाला पदर लावून बसली होती.

“एवढा वास येतो तर बाहेर बसा,” केवळाबाई म्हणाल्या. ती बाहेर जाऊन खिडकीखाली बसली.

दुपारी पाणमोट फुटली. पाणी हिरवट होतं. केवळाबाईंनी नळी लावली, हलवली, परत लावली.

“लातूर.”

“न्हाई,” शिवगंगेनं खाटेची दांडी धरली. “थोडं थांबू, सिस्टर. होईल.”

खिडकीतून रत्नम्माचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, “मी म्हणलेच होते.”

केवळाबाईंनी तो ऐकला आणि शिवगंगेचा चेहराही पाहिला. “अस्सं. ती हसंल म्हणून थांबायचंय व्हय? बाळानं आतच शी केली, ठोके मंद होऊन राहिले. जिच्या अकलेला तू काडीची किंमत देत न्हाईस, तिच्या हसण्यापायी पोर घालवतीस? लाज वाटू दे.”

शिवगंगा रडली. कळांनी नाही, संतापानं. सासूवर, केवळाबाईंवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. मग दांडी सोडून आपल्या पायांनी जीपपर्यंत गेली.

केवळाबाई तिला कुशीवर निजवून मागं बसल्या. रत्नम्मा पुढून म्हणाली, “त्या प्रसूतिगृहातच न्यायचं.”

“तिथं भुलीचा डॉक्टर हाय? रक्त हाय? आन् पाणी आणलं का तुम्ही?” केवळाबाईंनी विचारलं. जीप लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं केवळाबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली. आधी रडली नाही. तोंडातलं, नाकातलं ओढून काढल्यावर रडली, आणि दाराबाहेर, मागून येऊन पोचलेला मन्मथ तिच्याहून मोठ्यानं रडला.

शिवगंगा घरी आली तोवर रत्नम्मानं गावभर सांगितलं होतं, “शेवटी लातूरच कामाला आलं. पहिल्यापासनं म्हणत होते मी.” दवाखाना कुठला, हे मात्र तिनं गाळलं. गुरुबसप्पाच्या घरी तर तिथल्या फरशीचंही कौतुक केलं.

केवळाबाई बाळंतिणीला बघायला आल्या. शिवगंगेनं विचारलं, “पुढच्या वेळी तुमच्याकडंच येऊ ना?”

“तपासायला ये. बाळंतपण मात्र लातूरला. कापलेल्या पोटाची जोखीम मी इथं घेणार न्हाई. कुठं जायचं, जवळ कोण राहणार, ते आधी बघून ठरवू.”

“म्हंजे आत्याबाईचंच खरं झालं!”

“झालं खरं,” केवळाबाई म्हणाल्या. “तिला कळू देऊ नको, न्हाईतर टँकरपाशी दवंडी पिटंल.”

शिवगंगेला हसू फुटलं. टाक्यांतून कळ गेली तशी ती पोट धरून कण्हली आणि परत हसली.

स्वयंपाकघरातून रत्नम्मा ओरडली, “बाळंतिणीनं हसायचं नसतं! लातूरच्या डॉक्टरनं सांगितलंय!”

असं कुठल्याच डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.