चौथी चौकट

"मॅडम, दिसाया लागलं का?"

रोहिदासचा आवाज शेडच्या पार मागच्या भिंतीकडून आला. तो दौंडहून आलेला कॅमेरेवाला, सकाळपासून शिडीवरून उतरला नव्हता. इकडे काचेच्या केबिनमध्ये माया पडद्यासमोर बसली होती. पडद्याचे चार भाग. पहिल्या चौकटीत फाटक, दुसरीत डाळिंबं निवडायची जागा, तिसरीत शीतगृहाचं दार. चौथी काळी.

"नाही अजून."

"आता?"

काळी चौकट दोनदा थरथरली आणि तिच्यात छताची लोखंडी तुळई आली. तुळईला तीन हूक, तीन हुकांना तीन झोळ्या. डावीकडची निळ्या नऊवारीची, तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची. तिच्यात आयुष झोपला होता. दहा महिन्यांचा. त्याची एक मूठ कापडाबाहेर आली होती, तीसुद्धा दिसली. माया खुर्चीत मागं टेकली.

"दिसतंय. जरा खाली घ्या. अजून थोडा. बास, बास."

"मॅडम, ह्यात माल कुठं दिसंना. नुसत्या झोळ्याच दिसत्यात की."

"कोपऱ्यातले क्रेट दिसतात ना? क्रेट जातात इथले. म्हणून."

रोहिदासनं शिडीवरून त्या क्रेटकडं पाहिलं. चार होते, चारही फुटके. मग त्यानं झोळ्यांकडं पाहिलं आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

"आमच्या घरी बी एक हाय," तो स्क्रू आवळता आवळता म्हणाला. "आठ म्हैन्याचं. आई कामाला लागली की नुस्तं दाराकडं बघत बसतंय."

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, रस्त्याला लागूनच ही शेड. सर्जेरावांची. त्यांना सगळे दादाच म्हणत. आसपासच्या गावांतलं डाळिंब इथं येई, बायका ते निवडत, फडक्यानं पुसत, खोक्यांत भरत आणि मुंबईचा व्यापारी ते परदेशी धाडी. ते २००८ साल होतं. व्यापाऱ्यानं दिवाळीनंतर कळवलं होतं की शेडमध्ये कॅमेरे पाहिजेत, मुंबईत बसून बघता आले पाहिजेत आणि पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग हाताशी पाहिजे. दादांनी तो कागद मायाच्या टेबलावर ठेवला होता. "तू शिकलेली हायेस. बघ तुझं तू."

माया बी.कॉम. होती. कॅमेऱ्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण दादांनी 'शिकलेली' म्हटल्यावर ती तीन आठवडे कागद चाळत बसली. शिरूरच्या दुकानदारानं साधे जाड वायरीचे कॅमेरे दाखवले. ते स्वस्तात बसत, पण मुंबईला दिसत नव्हते. दौंडचा रोहिदास नेटवर्कचे कॅमेरे लावत होता, एका पातळ केबलवरून थेट कॉम्प्युटरला. रात्री आयुषला पाजताना ती त्याची पत्रकं वाची. लाइट गेल्यावर किती वेळ चालतील, अंधारात माणूस ओळखू येईल का, धूळ बसली तर काय. सम्राट, तिचा नवरा, रांजणगावच्या कंपनीत कंत्राटावर होता. शिफ्टवरून येऊन तो कूस बदलून म्हणे, "अगं, तू पोराला पाजतीस का त्या कॅमेऱ्याला?"

व्यापाऱ्याच्या कागदावर तीन जागा होत्या. चौथी तिनं घातली.

आयुष शेडमध्ये येऊ लागल्यापासून तिला खुर्चीत धड बसवत नव्हतं. केबिनचं दार फाटकाकडं, झोळ्या पाठीमागं. बसल्या जागेवरून तिला मनात छताची पाल दिसे, हुकाचं वाकडं टोक दिसे, खाली पडलेला डाळिंबाचा दाणा आणि पोराचा घसा दिसे. फक्त पोर दिसत नसे. दर दहा मिनिटांनी ती उठून जाई. बायका हसत. त्यातही धुरपदामावशी. पन्नाशीची, काळीसावळी, बोलायला फटकळ. ती रांगेच्या टोकाला, मागच्या भिंतीला लागून पोत्यावर बसायची. तिन्ही झोळ्यांना मिळून एक सुतळी बांधलेली होती आणि सुतळीचं टोक मावशीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. हात डाळिंबं पुसत आणि पाय पुढं-मागं, पुढं-मागं. एक झोळी मायाच्या आयुषची, एक रतनच्या सात महिन्यांच्या मोनालीची, एक सरूबाईच्या नातवाची. मावशीचं स्वतःचं त्यांत कुणीच नव्हतं. पण हात थांबला तरी तिचा पाय थांबत नसे.

"आलीस व्हय परत?" मावशी एकदा म्हणाली. "अगं, त्याला बी घाल त्या कॉम्प्युटरात. म्हंजी तुझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल."

बायका खदखदून हसल्या होत्या. माया पण हसली. आणि त्याच दुपारी तिनं कागदावर लिहिलं : कॅमेरा नंबर चार, मागची भिंत.

रोहिदास हात पुसत केबिनमध्ये आला, माऊस घेऊन उभ्या-उभ्याच समजावू लागला.

"हे बघा मॅडम. चोवीस तास रेकॉर्डिंग ठिवलं तर डिस्क येका दिवसात भरंल आन् जुनं पुसून त्येच्यावर नवं बसंल. म्हनून कसं करायचं, हालचाल झाली तरच रेकॉर्ड. न्हाईतर झोपून ऱ्हायचं त्यानं. मग पंधरा दिवस निवांत. पन येक ध्यानात ठिवा. काय काय जागा अशा असत्यात, तिथं उगंच हालतंय. झाड म्हना, पंखा म्हना. त्येच्यासाठी ही चित्रावर बारक्या चौकोनांची जाळी येती. ज्या चौकोनातलं हालनं धरायचं न्हाई, त्येच्यावर—"

चौथ्या चौकटीत निळी झोळी ढवळली. मूठ आत गेली, पाय बाहेर आला. आवाज नव्हता, पण तोंड उघडलेलं तिला दिसलं. माया उठून गेली. त्याला पाजून, परत निजवून आली तेव्हा रोहिदास केबलीचं भेंडोळं पिशवीत कोंबत होता.

"समजलं ना मॅडम सगळं?"

"हो," माया म्हणाली.

पुन्हा विचारायला तिला लाज वाटली. ती शिकलेली होती ना.

पुढचे दिवस मात्र बरे गेले. टेलिफोनच्या लाइनीवरून मुंबईला चित्र इतकं रांगत जायचं, की तिथं दोन दिवसांनंतर कुणी ते उघडेना. इथं माया नोंदी करता करता डोळा उचलायची. झोळी हलतेय. पोर आहे. पुन्हा नोंदी. लाइट गेली तरी बॅटरीवर अर्धा तास चित्र राही. दुपारच्या सुट्टीत रतन काचेला नाक लावून उभी राहिली.

"माझी मोनाली टीव्हीत! मायाताई, हिकडून ती गोरी दिसती की ओ."

"टीव्हीवाल्यांना कळव," मागून धुरपदामावशी. "म्हनावं, हिरोईन झोळीत हाय, म्या पायानं हालिवते."

कॅमेरे लागून पंधरवडा होत आला आणि बुधवारी सकाळी व्यापाऱ्याचा साहेब गाडीतून उतरला. उंच, सभ्य, हातात डायरी. मागच्या बुधवारची खोकी मुंबईत दबलेली निघाली होती. ती इथं भरताना पडली की रस्त्यात, हे त्याला बघायचं होतं.

"दाखव त्यान्ला," दादा म्हणाले.

मायानं मागचा बुधवार उघडला. काही नव्हतं. गुरुवार. काही नव्हतं. रेकॉर्डिंग शुक्रवारपासून पुढं होतं.

"पंधरा दिसांचं म्हनली हुतीस की," दादा म्हणाले.

"डिस्क भरलीय, दादा. जुनं पुसलं गेलं."

"कशानं भरली? शेड तर दिसभर तीच हाय."

तिनं यादी काढली. एक नंबरचे तुकडे तुकडे. दोन नंबरचे जरा जास्त. तीनचे मोजकेच. चार नंबर सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळी सहापर्यंत, एका सलग पट्टीत. रोज.

तिला कळलं. रोहिदास काय सांगत होता ते तिला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवलं. पण आता मागं दोघं उभे होते.

"काय हाय चार नंबरला? उघड."

तिनं उघडलं. झोळ्या हलत होत्या. दुसरा दिवस उघडला. झोळ्या हलत होत्या. तिसरा. मध्येच ती स्वतः चित्रात आली, पाठ फिरवून बसली, पोराला पदराखाली घेतलं. तिनं माऊस घट्ट धरून ठेवला होता, पण कुठं दाबायचं ते सुचत नव्हतं.

साहेबानं मान दुसरीकडं वळवली. मग तो हळूच म्हणाला, "सर्जेराव, जिथं माल पॅक होतो तिथं लहान मुलं? परदेशातल्या लोकांनी हे पाहिलं तर कंटेनर परत येईल. तुमचाच नाही, आमचाही." त्यानं डायरीत एक ओळ लिहिली. "सोमवारपासून नकोत. चार नंबर असाच राहू द्या, म्हणजे आम्हालाही दिसेल."

गाडी फाटकाबाहेर घालवून दादा परत केबिनच्या दारात आले.

"आमच्या आईनं मला बांधावर झोळीत टाकूनच कांदं काढलं," ते म्हणाले. "मला का कळत न्हाई? पन माल त्यान्ला द्यायचाय." मग झोळ्यांकडं बोट करून, "तिथं कॅमेरा कशापायी लावलास गं?"

"क्रेट जातात म्हणून..."

दादांनी त्या चार फुटक्या क्रेटकडं पाहिलं, जसं रोहिदासनं पाहिलं होतं.

"मी रोज बघत हुतोच की झोळ्या. कधी बोललो?" ते म्हणाले. "कागदावर आलं न्हाई तवर मला बी काय बोलाया लागत न्हवतं, बाई. आता आलं. तूच सांग त्या बायकांना."

मायानंच सांगितलं. साहेबाचं सांगितलं, कंटेनरचं सांगितलं. चौथी जागा कागदावर कुणी लिहिली, ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि रतनच्या तोंडाकडं बघून मिटलं. धुरपदामावशी अंगठ्याची गाठ सोडत होती. बरीच जुनी, बसलेली गाठ. नखानं सुटेना.

"सोमवारी न्हाई ना? मग आज कशाला सोडती," सरूबाई म्हणाली.

"व्हय गं," म्हणत मावशीनं पाय परत लांब केला.

सरूबाईनं नातवाला भांडगावला लेकीकडं पोचवलं. रतन सोमवारी मोनालीला शेजारणीपाशी ठेवून आली. दुपारपर्यंत तिच्या चोळीला दोन्हीकडं ओल आली. पदर ओढून ओढून ती डाळिंबं पुसत राहिली. मंगळवारपासून आलीच नाही.

आयुषला मायानं दौंडला ठेवलं. विहाराच्या मागच्या गल्लीत तिच्या आईचं, ताईबाईंचं, दोन खोल्यांचं घर. रविवारी राहू गावाला जीप बदलून माया तिकडं जायची. बाकीचे दिवस फोन.

"आई, काय करतोय?"

"झोपलाय."

"कुठं? खाली नाही ना? उंबऱ्यापाशी नाही ना?"

"अगं माझ्या मांडीवर हाय. तुझी चार पोरं म्या ह्याच मांडीवर... तुझी म्हंजी माझी. डोकं फिरवतीस बग माझं."

दुसऱ्या रविवारी ती दारात उभी राहिली तेव्हा आयुष आजीच्या खांद्यावरून तिच्याकडं बराच वेळ बघत होता. मग आला. आला, पण आधी बघितलं.

परतीच्या जीपमध्ये ती दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून बसली होती. मुंबईहून दिसतील असे कॅमेरे तिनं लावले होते. दौंड दिसत नव्हतं.

महिना संपता संपता दादांनी केबिनच्या दारातून विचारलं, "माया, ती डिस्क अजून बी सारखी भरतीय म्हनं. लाल दिसाया लागलंय. कोन भरतंय?"

तिनं यादी काढली. "चार नंबरच आहे, दादा."

"आता काय हालतंय तिथं? भूत?"

"बघते."

चौथी चौकट तिनं महिनाभर बघितली नव्हती. पडद्यावर ती असायचीच, पण डोळा तिथून उडी मारून पुढं जायचा. आता तिनं ती मोठी केली. तुळई. तीन रिकामे हूक. सुतळीचा एक तुकडा, स्तब्ध. कोपऱ्यात चार क्रेट. काहीच हलत नव्हतं, तरी वर लाल ठिपका पेटलेला.

मग तिला खालची कड दिसली. रांगेचं टोक तिथं जेमतेम चित्रात येत होतं. एक पोतं आणि पोत्यावरून पुढं आलेला एक पाय. जोडवी झिजलेली, टाच भेगाळलेली. अंगठा पुढं जात होता, मागं येत होता. पुढं, मागं. सुतळी नव्हती. मायानं सकाळचं उघडलं : आठ वाजून बारा मिनिटं, पाय. कालचं उघडलं, परवाचं. पाय.

तिनं काचेतून मान वळवून पाहिलं. धुरपदामावशी शेजारणीशी कशावरून तरी भांडत, हसत, एकामागून एक डाळिंब पुसत होती. पाय हलतोय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

मायानं रोहिदासला फोन लावला. "ती चौकोनांची जाळी परत एकदा सांगता का? मला तेव्हा कळलं नव्हतं."

"आसं व्हय? मग तवाच इचारायचं, मॅडम." तो सावकाश सांगत गेला, ती एकेक बटण दाबत गेली. चित्रावर जाळी उतरली. "आता कुठली जागा काढायची?"

"खालची. उजव्या कोपऱ्यातली."

"काय हाय तिथं?"

"काही नाही," माया म्हणाली.

पायावर सहा चौकोन होते. तिनं एकेकावर टिचकी मारली. सहाव्याला वरचा लाल ठिपका विझला.

"घावलं का गं?" बाहेरून दादांनी विचारलं.

"हो दादा. आता नाही भरायची."

तिनं नोंदींची वही पुढं ओढली. पडद्यावर पाय हलतच होता. फक्त आता तो कुठं साठत नव्हता.