उबेची पेटी आणि केळ्यांचा घड

मी एक जुनी ऊब धरणारी पेटी आहे. जळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा मुक्काम. शिकलेले लोक मला इन्क्युबेटर म्हणतात, पण चोपड्याकडचे आमचे शिपाई उखर्डूभाऊ 'पेटीबाई' म्हणतात. मला तेच आवडतं.

मित्रांनो, माझं काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब पोटात धरायची, ना कमी ना जास्त. नजीरभाईंच्या दुकानातून बोकडाची ताजी कलेजी बर्फात घालून येते. इथं संशोधन करणाऱ्या हेमांगीताई तिच्या पेशी सुट्या करतात आणि बशीत घालून माझ्या पोटात जगवतात. पुढे अशा पेशींचं यंत्र व्हावं, यकृत बंद पडलेल्या माणसाचं रक्त त्यातून फिरवावं, त्याच्या यकृताला जरा विसावा मिळावा, हे त्यांचं स्वप्न. त्यांचे मामा काविळीनं गेले, तेव्हापासूनचं.

पूर्वी पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख सर त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. या उन्हाळ्यात मात्र माझे ग्रह फिरले. शनिवारी सुखानं बसलेल्या पेशी सोमवारी मेलेल्या. पुन्हा केल्या, पुन्हा तेच. सोमवारी माझा काटा बघावा तर अगदी जागेवर.

सर म्हणाले, "हेमांगी, पेटी म्हातारी झाली. सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

मला सगळं ठाऊक होतं हो, पण मला तोंड कुठलं?

रविवारी ताई मला रिकामी करायला आल्या आणि दारातच थबकल्या. माझ्या डोक्यावर गोणपाट, त्याखाली केळ्यांचा घड. त्यांनी गोणपाटाखाली हात घातला तर माझं डोकं नेहमीपेक्षा चांगलंच तापलेलं. तेवढ्यात उखर्डूभाऊ आले.

"भाऊ, हे काय?"

"केळी शेतस, ताई. दर शनवारले घड आणस, सोमवारे सकायले लई जास. पेटीबाई गरम शे, लवकर पिकतस."

ताई स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो भाऊ, सोमवारी तुम्ही घड नेईपर्यंत गोणपाटानं हिची गरमी कोंडते. आत पेशींना ताप भरतो."

आपल्यामुळे पेशी मेल्या, हे कळून भाऊंचा चेहरा पडला. "मंग त्या मनामुये मरन्यात का?"

ताईंनी सरांना फोन केला आणि माझी सुटका झाली. सोमवारी भंगारवाला आलाच. त्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून भाऊंनी अर्धा घड देऊन टाकला.

पुढच्या खेपेला रविवार सरला तरी पेशी बशीत फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना धरून होत्या. ताईंनी भाऊंना सूक्ष्मदर्शकातून त्या सगळ्या जिवंत पेशी दाखवल्या.

"बठ्ठ्या जित्या शेतस," ते हळूच म्हणाले आणि मला कोरड्या फडक्यानं पुसू लागले. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, तर त्याला भंगारात काढण्याआधी एकदा त्याच्या डोक्यावर काय ठेवलंय ते बघा.