स्ट्रेचरवर कोण?

अँब्युलन्स चालवतो मी, हरेश, पण या रस्त्यावर लोक मला चोरच समजतात. सायरन ऐकला की आधी काचेतून आत डोकावणार. पेशंट दिसला नाही की संपलं. अरे बाबांनो, पेशंट आणायलाच निघालोय, गाडी रिकामीच असणार ना.

त्या दिवशी वडपे नाक्यावर तेच. पडघ्यापलीकडच्या पाड्यावर रूपा सकाळपासून बाळंतपणात अडली होती आणि माझ्यापुढं याच रस्त्यावर माल वाहणाऱ्या लडकूचा टेम्पो आडवा. डोकावून म्हणाला, "रिकामी हाय. सायरन मारून जेवायला चाललाय." माझं टाळकं सटकलं. गाडीतल्या नेत्रा डॉक्टर मात्र सरळ स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, चादर ओढून घेतली. लडकूनं पुन्हा बघितलं आणि मुकाट टेम्पो बाजूला घेतला.

पाड्यावर रूपाची सासू बायजाबाई दारातच उभी. स्ट्रेचर बघितलं आणि तिनं हात आडवा घातला. "माजा थोरला देवू याच्याव निजून गेला, तो तसाच निजलेला परत आला. माजी सून याच्याव निजायची न्हाय."

डॉक्टरांनी समजावलं, मी हात जोडले. म्हातारी ऐकेना. शेवटी रूपाला बाकावर बसवूनच निघालो. सासू तिला कवटाळून बसली होती. आरशात बघावं तर म्हातारीची नजर माझ्यावरच.

परत वडपे. परत लडकू, आता माल भरून भिवंडीकडे निघालेला. "बसलीय की चांगली. नाटकं करता काय?" रूपाच्या तोंडून आता आवाजही फुटत नव्हता.

"येतानाही यानंच अडवलं होतं," मी चडफडलो.

"मंग कसं सोडलं यानं?" बायजाबाईनं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं.

म्हातारी उठली. स्ट्रेचरकडे बघत राहिली. घाबरली होती. मग स्वतःच त्यावर आडवी झाली आणि म्हणाली, "चादर टाक गो."

लडकूनं वाट दिली.

दवाखान्यात रूपाला थेट ऑपरेशनला नेलं. मी गाडी आवरायला मागं आलो तर म्हातारी तशीच, डोळे मिटून. मी वाकून तिचा श्वास चालतोय का बघितलं.

"आजी, उतरा. पोचलो आपण."

"ती उठंल, मंग मी उठंन," ती डोळे न उघडताच म्हणाली.

मी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं डॉक्टर हसत बाहेर आल्या.

"आजी, नातू झाला."

"सून?"

"सून पण बरी आहे."

"शपथ घे."

घेतली. तेव्हा कुठं ती उठून बसली.