चांगल्या पायाची उडी

"डावा पाय. शेवटची एक," मी म्हणाले.

खिळा, संघात त्याला सगळे याच नावाने हाक मारतात, पट्टीच्या टोकाशी एका पायावर उभा राहिला. जमिनीवर चिकटवलेली ती मोजपट्टी माझ्या खोलीत इतकी वर्षं आहे की तिचे पहिले आकडे पुसून गेलेत. त्याने हात मागे नेले, उडी मारली आणि त्याच पायावर अलगद उतरला. एक मीटर बावन्न.

"झालं ना बाई?"

"झालं. बस जरा," म्हणून मी कागद पुढे ओढला.

दाराबाहेरच्या बाकावर संघाचे प्रशिक्षक बसले होते. या मोसमाची खेळाडूंची यादी पाच वाजता जायची होती आणि तिच्यात खिळ्याचं नाव घालायचं तर माझी चिठ्ठी हवी होती, 'खेळायला तंदुरुस्त' अशी. परीक्षा अगदी साधी असते. एकेका पायावर तीन-तीन उड्या मारायच्या. ऑपरेशन झालेल्या पायाची सर्वांत लांब उडी चांगल्या पायाच्या उडीच्या नव्वद टक्के भरली की माणूस पास. खिळ्याचा उजवा पाय एक एक्केचाळीसपर्यंत गेला होता. भागाकार ब्याण्णवच्या वर आला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, या माणसासाठी मी नऊ महिने मनातल्या मनात उड्या मारत होते.

कारखान्याच्या फुटबॉल संघातल्या खेळाडूंचे गुडघे आणि घोटे ताळ्यावर आणणं, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. चेहरे मी विसरते, गुडघे लक्षात राहतात. खिळा आमचा बचावपटू. समोरचा खेळाडू जाईल तिथे हा ठोकल्यासारखा त्याच्यापाशी, म्हणून खिळा. सकाळी कारखान्याच्या गोदामात नटबोल्ट मोजून द्यायचे आणि तीन वाजता मैदानावर हजर व्हायचं, असं त्याचं अकरा वर्षं चाललेलं. तेवढ्या काळात गोल केले दोन, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. तरी तो संघात नसला की आमच्या गोलरक्षकाच्या तोंडचं पाणी पळायचं.

गुडघा गेला त्या दिवशी त्याच्या आसपास कुणी नव्हतंही. वळताना बूट गवतात रुतला, अंग फिरलं, पाय फिरला नाही. मी पिशवी घेऊन धावले तर म्हणतो, "काही नाही बाई, उठतो." उठलाही. दोन पावलं टाकली आणि खाली बसला. आतलं लिगामेंट पार तुटलं होतं. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूची एक दोरी काढून त्याचं नवं करून बसवलं.

पहिल्यांदा तो कुबड्या घेऊन माझ्याकडे आला तेव्हा बायको बरोबर होती. ती घरी शिवणकाम करते, गळ्यात टेप तशीच राहिलेली. तिने विचारलं, "किती दिवस लागतील?"

"नऊ महिने तरी."

"एवढंच ना?" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "मी दोनदा काढलेत. आता तुमची पाळी."

तो हसला, पण नऊ महिने काय असतात हे त्याला हळूहळू कळलं. पहिले दोन आठवडे नुसता पाय सरळ करण्यात गेले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा आणि दात आवळून आकडे मोजायचे. मग वाकवणं. मग जिना. ज्या माणसाने अकरा वर्षं लोकांना पळवलं, तो एक पायरी उतरायला कठड्याला दोन्ही हातांनी धरायचा आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाट करून द्यायचा. मांडी तर अशी वाळली की पँट एका बाजूने फडफडायला लागली. लोक बघतात म्हणून तो घराबाहेर पडेना. तेव्हा बायकोने काय केलं, त्याच्या तिन्ही पँटींच्या उजव्या पायाची शिवण आत घेतली. बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही, इतकी बेमालूम. मला तिनेच दाखवली म्हणून कळली.

तर मी चिठ्ठी लिहायला घेतली. त्याआधी सहाही उड्यांचे आकडे रजिस्टरात उतरवायचे असतात. उजवा पाय: एक तेहतीस, एक अडतीस, एक एक्केचाळीस. डावा पाय: एक बावन्न, एक बावन्न, एक बावन्न.

माझं पेन थांबलं. जीव तोडून मारलेल्या तीन उड्या कधी एका जागी पडत नाहीत. एका जागी पडते ती घरी सराव केलेली उडी. शिवाय तो उतरला तेव्हा आवाजसुद्धा झाला नव्हता. दुखरा पाय पुढे जात नव्हता, म्हणून खिळ्याने चांगला पाय मागे आणला होता. माणूस हातचं राखून बोलतो, हा हातचं राखून उडी मारत होता.

रागापेक्षा मला भीती वाटली. फार वर्षांपूर्वी एका आघाडीच्या खेळाडूला मी अशीच दयेपोटी चिठ्ठी दिली होती. अकराव्या मिनिटाला त्याचा तोच गुडघा पुन्हा गेला. तो आता काठी घेऊन चालतो आणि रस्त्यात भेटला की मलाच आधी नमस्कार करतो. त्या नमस्काराने मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"खिळ्या," मी म्हणाले, "घरी कुठे रेघ मारलीस? बोळात की गच्चीवर?"

त्याने नजर पट्टीकडे वळवली. मग म्हणाला, "गच्चीवर."

"बायकोला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं व्यायाम करतोय." त्याने गुडघ्यावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला. "बाई, पुढच्या महिन्यात तेहतीस लागेल मला. आज नाव गेलं नाही तर पुढच्या वर्षी कोण विचारतंय? दोन महिन्यांत भरेल हो मांडी. तोवर मी जपून खेळीन."

"तू जपून कधी खेळलायस?"

खरं तर सही करून टाकावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आणि हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे. मी पेन टेबलावर ठेवलं.

"डाव्या पायाने एकच उडी मार. खरी. जो आकडा येईल त्यावर मी चिठ्ठी लिहीन. पट्टी तूच वाच."

बाहेर प्रशिक्षक खाकरले. खिळा उठला, पट्टीपाशी गेला, उभा राहिला. एवढा वेळ उभा राहिला की मला वाटलं, आता हा चप्पल घालून निघून जाणार. मग त्याने उडी मारली. खिडकीच्या काचा हादरल्या. तो वाकला आणि त्याने टाचेपाशी बोट ठेवून नीट बघितलं.

"एक त्र्याऐंशी," तो म्हणाला. "लिहा."

सत्याहत्तर टक्के. मी बाहेर जाऊन प्रशिक्षकांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दारातून आत बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू रे." ते वाक्य काय असतं हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याची जागा दुसऱ्याला गेली आणि खिळ्याला गोदामात तीनऐवजी साडेपाचपर्यंत बसावं लागू लागलं.

मला वाटलं होतं, आता हा येणार नाही. यायचं कारणच काय? पण दुसऱ्या दिवशी पावणेसहाला तो दारात उभा. "पाय तर माझाच आहे ना बाई," एवढंच म्हणाला. मी दिवा लावला.

लोक दुष्काळातल्या तेराव्या महिन्याला नावं ठेवतात. खिळ्याचा तेरावा महिना मात्र चांगला निघाला. एका संध्याकाळी बायको त्याला न्यायला आली होती, तिच्यासमोरच त्याने सहा उड्या मारल्या. एकही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. डाव्याची सर्वांत लांब एक चौऱ्याऐंशी, उजव्याची एक एकाहत्तर. यादी नव्हती, प्रशिक्षक नव्हते, बाहेरचा बाक रिकामा होता. मी तरीही चिठ्ठी लिहायला घेतली.

"कुणाच्या नावे लिहू?"

त्याने विचार केला. "हिच्याकडेच द्या. मापातलं हिला कळतं."

तिने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून पिशवीत ठेवली. मग खुंटीवरची त्याची पँट काढली, बाकावर बसून उलटी केली आणि पिशवीतलं पातं काढून उजव्या पायाची शिवण उसवायला लागली.

"अगं, इथे कशाला? घरी कर," तो म्हणाला.

"दोन मिनिटं लागतात."

तो चड्डीवर, हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलासारखा बसून राहिला. तिने दोरे झटकले, पँट सुलटी करून उजेडात धरली. शिवणीच्या जागी सुईच्या भोकांची एक लांब रांग राहिली होती. तिने ती नखाने घासून बघितली.

"राहील थोडी," ती म्हणाली आणि पँट त्याच्या हातात दिली.

त्याने ती घातली, उजव्या पायावर उभं राहून.