कोणासाठी कापलेस केस?

मी एक कंगवा बोलतोय. लाकडी, तळहाताएवढा, एकोणीस दातांचा. मूळचे बावीस होते. तीन पडले, त्यातले दोन एकट्या तानिसच्या गुंत्यात.

सध्या माझा मुक्काम कॅनडात, मॅनिटोबा प्रांताच्या दक्षिणेला, गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात, ट्रूडी फ्रीसन नावाच्या बाईंच्या न्हाणीघरातल्या फळीवर आहे. शेजारी एक गुलाबी प्लास्टिकचा ब्रश आहे, त्याचं नि माझं पटत नाही. माझं घर खूप वर, उत्तरेला, तळ्याकाठच्या क्री आदिवासींच्या वस्तीत. कंगव्याची कहाणी कोण ऐकतं म्हणा! पण माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे मला जितकं जवळून कळतं, तितकं कचेरीतल्या कागदांना कळत नाही, हे मी पाहिलंय.

मला अल्फोन्सने भूर्जाच्या लाकडातून कोरलं. नवीनच लग्न झालं होतं त्याचं. सापळे लावायला रानात गेला आणि बर्फाच्या वादळात चार दिवस खोपटात अडकला. हाताला चाळा हवा म्हणून त्याने मला घडवलं नि घरी येऊन बायकोपुढे ठेवलं.

"चार दिवसांत एवढंच? एखादा ससा तरी आणायचास," फिलोमीन म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने दुसरा कंगवा हाती धरला नाही.

या फिलोमीनला पुढे सगळी वस्ती कोकुम म्हणू लागली. कोकुम म्हणजे आजी. तिच्या मुलीचे केस मी विंचरले. ती मुलगी आजारपणात गेली, तिच्यामागे राहिलेल्या लेकीचे, तानिसचेही मीच विंचरले. रोज सकाळी चुलीशेजारी कोकुम स्टुलावर आणि तानिस तिच्या गुडघ्यांमध्ये, जमिनीवर.

"हे डोकं आहे की बीव्हरचं घर? काटक्या काय, पानं काय! आत कोणी राहतंय का ते आधी विचारते."

"कोकुम, दुखतंय!"

"दुखणारच. बीव्हर घर सोडून सुखासुखी जातो होय?"

वेणी घालताना ती शहाणपणाच्या गोष्टी सांगत असेल असं कुणाला वाटेल. छे! ती गावभरच्या चुगल्या सांगायची. कुणाची होडी कुणी न विचारता नेली, दुकानदाराने मिशी का काढली. तीन पेड घट्ट विणून होईपर्यंत तानिसला सगळ्या वस्तीची खबर असायची.

दोन गोष्टी मात्र कोकुम कधी चुकली नाही. माझ्या दातांत अडकलेले केस ती बोटाभोवती गुंडाळून तंबाखूच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. डबा भरला की अंगणात, चिमूटभर तंबाखूसोबत, आगीला द्यायची. आपले केस कुणाच्या पायाखाली जाऊ द्यायचे नाहीत, कचऱ्यात तर नाहीच नाही. आणि केस कापायचे ते फक्त घरचं माणूस गेल्यावर. अल्फोन्स गेला तेव्हा कोकुमने आपली वेणी खांद्याशी कापली नि त्याच्या शवपेटीत ठेवली. पाच वर्षांची तानिस मला मुठीत धरून शेजारी उभी होती. तिने ते सगळं नीट पाहिलं.

तानिस आठ वर्षांची असताना कोकुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी विमानाने विनिपेगला जायचं होतं. सहा आठवडे पोरीला कोण बघणार? बालकल्याण कचेरीतली माणसं म्हणाली, काळजी नको, तोवर एका चांगल्या घरी ठेवू. कोकुमने मला तानिसच्या पिशवीत घातलं. "सहा आठवडे," ती म्हणाली. "शाळेच्या सुट्टीएवढेच."

सहा आठवडे संपले. कोकुम काठी टेकत घरी परतली, तानिस नाही. कचेरीची माणसं तिचं घर पाहायला आली आणि म्हणाली, मुलीला वेगळी खोली नाही, नळाला नीट पाणी नाही. वस्तीत अर्ध्या घरांना नीट पाणी नव्हतं. पण ते लिहिलं गेलं फक्त कोकुमच्या नावापुढे.

ज्यांच्या घरी तिला ठेवलं त्या ट्रूडीबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी तानिसला खिडकीची खोली दिली, नवे बूट घेतले, तिला आवडतो म्हणून रोज मक्याचा रस्सा केला. वेणी मात्र त्यांना येत नव्हती. त्यांनी घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकत नसे. पण बसायच्या बिचाऱ्या रोज. मला पहिल्याच दिवशी त्यांनी उकळत्या पाण्यात घातलं, तेही नियम म्हणून. तोंड असतं तर ओरडलो असतो.

दर रविवारी दुपारी कोकुमचा फोन यायचा.

"काय खाल्लंस?"

"मक्याचा रस्सा."

"परत? त्या बाईला सांग, जगात मासे पण असतात."

तानिस हसायची. मग विचारायची, "मी कधी येऊ?" मग कोकुम घाईने दुसरंच काही विचारायची.

तानिसने आजीचा नेम मोडला नाही. माझ्यातले केस ती बोटाभोवती गुंडाळून जपून ठेवायची. पहिल्याच शरद ऋतूत, भर दुपारी, मागच्या अंगणात काडेपेटी घेऊन गेली आणि पहिली काडी ओढताना पकडली गेली. ट्रूडीबाई घाबरल्या. मागे वाळलेलं गवत, पलीकडे कापणीला आलेलं शेत. त्यांनी कचेरीला कळवलं. तानिसच्या कागदांत एक ओळ वाढली: आगीशी खेळते.

"का गं करतेस असं?" सगळे विचारत होते. पण ते रागावून विचारत होते, आणि तसं विचारलं की लेकरू गप्प होतं. त्या दिवसानंतर ती केस लोकरीच्या जुन्या हातमोज्यात लपवू लागली. घरी नेऊ, कोकुम करेल काय ते.

पुढच्या ऑगस्टात ट्रूडीबाई थंडीचे कपडे आवरत होत्या आणि तो हातमोजा त्यांच्या हाती लागला. चौदा महिन्यांचे केस! एकेक गुंडाळी. त्या पलंगावर मटकन बसल्या.

"तानिस, बाळा, तू केस उपटतेस का? दुखत नाही का तुला?"

तानिस गप्प. काडेपेटीची आठवण ताजी होती.

डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आला की मुलं असं करतात, केस बारीक करा, हाताला लागणारच नाहीत. कागदांत दुसरी ओळ वाढली: केस उपटते. आणि तिच्याखाली तिसरी, जी मला कधी विसरता आली नाही: अशा मुलीला म्हाताऱ्या आजीकडे परत देणं योग्य नाही. सप्टेंबरअखेरीला कायमचा निर्णय घेऊ.

आता सांगा, मी काय करणार होतो? मला सगळं माहीत होतं. एकही केस तिने उपटला नव्हता, सगळे माझ्याच दातांतून निघाले होते. मी तिथेच फळीवर पडून होतो. मला कुणी विचारलं नाही.

शनिवारी ट्रूडीबाई तिला केस कापायला घेऊन गेल्या. तानिस मला घट्ट धरून खुर्चीत बसली. कात्री पाहिली आणि पांढरीफटक पडली.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"असलं काय बोलतेस गं? कोणी नाही. मान मोकळी होईल, उन्हाळ्याचं बरं वाटेल."

पण त्याच महिन्यात उत्तरेत वणवे पेटले होते, फोनच्या तारा जळाल्या होत्या, आणि तीन रविवार कोकुमचा फोन आला नव्हता. हे तारांचं ट्रूडीबाईंना कचेरीने कळवलं होतं. लहान पोरीला कशाला घाबरवा म्हणून त्यांनी ते तिला सांगितलंच नाही. तानिसने आपल्या परीने हिशेब लावला. फोन नाही, मोठी माणसं काही सांगत नाहीत, आणि माझे केस कापतायत. तिने मान खाली घातली आणि एक शब्द न बोलता सगळे केस कापून घेतले. फरशीवर पडलेले केस केस कापणाऱ्या बाईने केरसुणीने लोटले, तेव्हा तानिसची नखं माझ्या पाठीत रुतली.

त्यानंतर रविवार आला की ती फोनजवळ बसेनाशी झाली. "मी कधी येऊ" हा प्रश्न बंद झाला. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. आणि ट्रूडीबाई शेजारणीला म्हणाल्या, "हळूहळू रुळतेय बघ. आता आजीचं नावसुद्धा काढत नाही." माझा जीव तीळतीळ तुटत होता हो.

सप्टेंबरात कचेरीने नवी बाई पाठवली. बर्नाडेट तिचं नाव, आमच्याच तळ्याच्या पलीकडच्या काठची. ती आली, तिने तानिसचं डोकं पाहिलं आणि ट्रूडीबाईंनी पुढे केलेला कॉफीचा कप तसाच टेबलावर ठेवला. तानिससमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"कोणासाठी कापलेस केस?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तानिसचं तोंड उघडलं. "कोकुमसाठी."

"कधी गेली?"

"मला कोणी सांगितलं नाही."

ट्रूडीबाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. बर्नाडेटने एक क्षणही दवडला नाही. वस्तीच्या दवाखान्यात उपग्रहावर चालणारा फोन होता, तिथे तिने फोन लावला. "कोकुम फिलोमीन गेल्या असं पोरीला वाटतंय, त्यांना घेऊन या. आत्ता. चप्पल नसेल तर अनवाणी आणा." वीस मिनिटं आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. मग काठीचा आवाज, धाप, आणि:

"कोण मेलं म्हणतात? मी? मग आज सकाळपासून मासे कोण साफ करतंय?"

तानिस एकदम मोठ्याने रडली. घर हादरेल असं रडली. पलीकडून कोकुम म्हणत राहिली, "आहे गं, आहे मी. रड. रडून घे. आहे मी."

मग ट्रूडीबाई कपाटातून तो हातमोजा घेऊन आल्या. डॉक्टरांना पुन्हा दाखवायला म्हणून त्यांनी ठेवला होता. बर्नाडेटने त्यांना केसांचं, आगीचं, कात्रीचं सगळं समजावलं. बाई ऐकत होत्या. शेवटी हलकेच म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा काडेपेटी..."

निर्णयाची बैठक झाली तेव्हा मी तानिसच्या मुठीत होतो. कोकुम दोन विमानं बदलून आली होती, सोबत माशांचा डबा. कचेरीच्या साहेबांनी कागद वाचायला सुरुवात केली, आगीशी खेळते, केस उपटते. ट्रूडीबाई मध्येच उठून उभ्या राहिल्या.

"हे मी लिहवलंय," त्या म्हणाल्या. "हे सगळं चुकीचं आहे. ही मुलगी तिच्या घरची रीत पाळत होती. आजीने शिकवलेलं काहीही विसरली नाही. मी विचारलंच नाही तिला नीट. तिला घरी पाठवा."

खोलीचं काय, नळाचं काय, साहेब म्हणाले. बर्नाडेट म्हणाली, एका मुलीला परक्या घरी ठेवायला इतके कष्ट घेता, त्याच्या निम्म्यात नळ दुरुस्त होतो. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग सही केली.

कोकुमने तानिसच्या भुंड्या डोक्यावरून हात फिरवला. ट्रूडीबाई समोर आल्या, माफ करा म्हणाल्या.

"केस येतील परत," कोकुम म्हणाली. "सव्वा वर्ष नाही यायचं, पोरी." नंतर माशांचा डबा ट्रूडीबाईंच्या हातात दिला. "घे. मक्याच्या रश्श्याबरोबर नको खाऊस."

निघायच्या आधी मागच्या अंगणात तिघींनी मिळून हातमोज्यातले केस आगीला दिले. पाण्याची बादली ट्रूडीबाईंनी स्वतः आणून ठेवली होती. मला वाटलं, चला, आता घर! पिशवीत पडायची वाट पाहत होतो. तेवढ्यात कोकुमने विचारलं, "यानंतर तुझ्याकडे कोण येणार?"

"चार वर्षांची मुलगी आहे एक. उद्याच."

कोकुमने मला उचललं, अंगठा माझ्या पाठीवरून फिरवला, जिथे अल्फोन्सच्या सुरीचे वळ आहेत. मग ट्रूडीबाईंच्या हातात ठेवलं. "हा राहू दे तुझ्याकडे. लागेल." तानिसने मला शेवटचं नाकाशी धरलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? गाडी वळेपर्यंत मी तिचं ते बारीक केसांचं डोकं पाहत होतो.

ती छोटी दुसऱ्या दिवशी आली. नाव डाना. केस कमरेपर्यंत, नुसता गुंता. ट्रूडीबाईंनी तिला हात लावला नाही. आधी जमिनीवर बसल्या.

"डाना, तुझ्या घरी केसांचं काय करतात? मला सांगशील?"

पोर त्यांच्याकडे बघत राहिली. "माहीत नाही," ती म्हणाली. फार लहान असताना कचेरीने घरातून उचललीय तिला. हे पाचवं घर. कागदावर जमातीच्या रकान्यात नुसती रेघ आहे.

ट्रूडीबाईंनी कोकुमला फोन लावला. तारा आता दुरुस्त झाल्यात. "तुम्हीच सांगा, काय करू?"

"गुंता काढ. टोकाकडून, हळूहळू. कापू नकोस. केस जपून ठेव." कोकुम म्हणाली. "पण मी तिची आजी नाही. तिची स्वतःची कुठेतरी असेल. ती शोध."

तेव्हापासून ट्रूडीबाई रोज सकाळी मला घेऊन डानाच्या मागे बसतात, गुंता काढतात, आणि ती बालवाडीत गेली की वस्त्यावस्त्यांना फोन लावतात. केस एका डब्यात साठतायत. कालपर्यंत एकवीस ठिकाणी फोन झाले, अजून कुणी आमची म्हटलं नाही.

म्हणून मी तुमच्याशी बोलतोय. वय चार. डाव्या हाताने जेवते. उजव्या भुवईत लहानसा व्रण. केस दाट, काळे, मानेपाशी किंचित कुरळे. झोपताना स्वतःच्याच वेणीचं टोक गालाला लावून घेते. कुणाची असेल तर कळवा. तिला घ्यायला या.